मंगळवारचे मासे

सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात मासा होता, आणि त्यांनी आधी माशाचं काम पुरं केलं. मी नेमणुकीचं पत्र घेऊन दारात उभी होते. त्यांनी माशाचं तोंड लाकडी पाटीच्या एका टोकाला असलेल्या उभ्या फळीला टेकवलं, शेपटी बोटाने सरळ केली, आकडा पुटपुटत वहीत लिहिला, मासा बादलीत ठेवला, हात पुसले आणि मग मान वर करून विचारलं, "तुम्ही स्टॅटिस्टिक्स का?"

मी हो म्हटलं. तेव्हापासून पुढची पाच वर्षं मी त्यांच्यासाठी स्टॅटिस्टिक्सच राहिले. माझं नाव त्यांना माहीत होतं, सुट्टीच्या अर्जावर सही करताना ते वाचतही असत. पण हाक मारायची झाली की, "अहो स्टॅटिस्टिक्स, चला, जीप आली."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं ऑफिस दिल्लीत, आर. के. पुरममध्ये, दुसऱ्या मजल्यावर. समुद्रापासून इतक्या दूर माशांचं सरकारी ऑफिस कशाला, असा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला होता. सर वेंगुर्ल्याचे. त्यांना तो प्रश्न दिल्लीत आल्यापासून पडलेला होता आणि त्याचं उत्तर म्हणून त्यांनी यमुना धरली होती. नदीत मासे किती उरले आहेत, कोणत्या वयाचे आहेत, वाढतात की नाही, हे पाहणं हे त्यांचं काम. वास येतो म्हणून आम्हाला व्हरांड्याच्या शेवटची खोली दिलेली होती. सरांचं म्हणणं असं की वास आमच्या खोलीचा नसून शेजारच्या जुन्या फायलींचा आहे, आणि वाटल्यास ते सिद्ध करून दाखवतील. कोणाला तसं वाटलं नाही.

आमचं घर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. घरात अंडंसुद्धा येत नसे. मी सांख्यिकी शिकले ती कुठल्यातरी मंत्रालयात पंख्याखाली बसून बेरजा करायच्या म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी हातात रोहू धरून उभी आहे हे कळल्यावर आईने बाथरूममध्ये माझ्यासाठी वेगळा साबण ठेवला आणि मंगळवारी मी दारातूनच सरळ आंघोळीला जायचं असं ठरवून दिलं.

मंगळवार हा आमचा नदीचा दिवस. तोही सरांनी विचार करून निवडला होता. मंगळवारी दिल्लीत बरेच लोक मांसमच्छी खात नाहीत, माल कमी खपतो, त्यामुळे मच्छीमारांना सरकारी माणसाशी बोलायला फुरसत असते. आम्ही सकाळी जीपने वजिराबादच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून पाण्यासारखं होतं, तिथल्या एका घाटावर जात असू. ड्रायव्हर हरपालसिंग जाताना काही बोलत नसे. येताना मात्र खिशातून अत्तराची कुपी काढून आधी स्वतःच्या मिशांना आणि मग जीपच्या सीटला लावत असे. अत्तर आणि मासे यांचा मिळून जो वास होई, त्यापेक्षा नुसते मासे बरे, असं मी एकदा सरांना म्हटलं. सर म्हणाले, "त्याला बोलू नका. त्याचा प्रामाणिक प्रयत्न आहे."

मोजणं हा सरांचा स्वभावच होता. आर. के. पुरमच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या चौकटीवर आख्ख्या ब्लॉकमधल्या मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या. तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळ्यांच्या. वाढदिवसाला मुलं पाया पडायला येत आणि सर त्यांना चौकटीला उभं करत. "वाढीचा वेग बरा आहे," हा त्यांचा आशीर्वाद. एका मुलाची वर्षभरात फारच कमी वाढ झाली तेव्हा त्यांनी त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन, घरात खाण्यासाठी स्पर्धा आहे का, असं विचारलं. वडिलांना वाटलं, आपल्या चार मुलांबद्दल टोमणा आहे. ते महिनाभर सरांशी बोलत नव्हते.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांच्या या सवयीला कधीच्याच सरावल्या होत्या. एकदा चहा देताना मला म्हणाल्या, "मला बघायला आले होते ना, तेव्हा माझी उंची विचारली. मी सांगितली. तर म्हणतात कसे, 'पुरी वाढ झालेली दिसते.' माझे वडील घाबरलेच." सर तिथेच बसले होते. त्यांनी पेपर खाली न घेता सांगितलं की ते निरीक्षण होतं आणि पुढे बरोबर ठरलं.

माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक छोटा पांढरा खडा असतो. त्यावरून त्याचं वय कळतं. त्यामुळे बंगाली शेजाऱ्यांकडे जेवायला बोलावलं की सर आधी सांगून ठेवत, डोकं फेकू नका. जेवण झाल्यावर ते ताटात चिमट्याने काम करत बसत. बाकीचे लोक मिठाईची वाट पाहत. ते खडे त्यांनी होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरून कपाटात ठेवले होते, आणि काकूंच्या गुडघ्याची खरीखुरी होमिओपॅथीही त्याच कपाटात होती. खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी गुडघ्यासाठी चार गोळ्या मागितल्या आणि काकूंनी चष्मा न लावता दिल्या. आजींनी त्या चघळल्या, फुटेनात म्हणून गिळल्या, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा हलका वाटतो म्हणून आणखी मागायला आल्या. सरांनी बाटली पाहिली आणि डोक्याला हात लावला. "दोन वर्षं वयाचे सगळे कटला मासे गेले," ते म्हणाले. आजींना काही झालं नाही. सरांना मात्र त्या वर्षीचा तक्ता तळटीप घालून पुरा करावा लागला. तळटिपेत 'नमुने अपघाताने नष्ट' असं लिहिलं होतं.

माझ्या डोक्यात त्यांनी हे शास्त्र कसं घातलं ते सांगते. नदीतले मासे कोणी मोजू शकत नाही. हाती लागलेल्यांवरून न लागलेल्यांचा अंदाज बांधायचा. त्यासाठी टोपलीत जे येईल ते सगळं मोजायचं, निवडायचं नाही. आणि पाहायचं काय, तर लहान किती, मधले किती, म्हातारे किती. म्हातारे दिसेनासे झाले की ओळखायचं, माणूस त्यांना म्हातारं होऊ देत नाही. मला हे नीट कळलेलं नाही असं वाटून त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. "ही कॉलनी बघा. पंचवीस ते अठ्ठावन्न वयाची माणसं आणि त्यांची पोरं. अठ्ठावन्नच्या वरचा एक माणूस दिसतो का? सरकार काढून घेतं. बाहेरच्या माणसाने नुसती ही कॉलनी मोजली तर त्याला वाटेल, या देशात माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी मरतो." मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना अठ्ठावन्नला फार वर्षं उरली नव्हती.

करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. नंतर नाटक होतं, त्यामुळे हॉल भरलेला. विषय 'यमुनेतले मासे : आजची स्थिती'. दहा मिनिटांनी पहिली खुर्ची सरकली. मग बाहेर भज्यांचा वास सुटला. सर बोलता बोलता मध्येच थांबून समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत आणि पुढे बोलत. मला वाटलं, मुद्दे लिहितायत. संपल्यावर त्यांनी तो कागद मला दिला. दर दहा मिनिटांनी हॉलमध्ये किती माणसं उरली याची नोंद होती. "घट लहान वयोगटात जास्त आहे," ते म्हणाले. "टिकले ते सगळे पन्नाशीच्या पुढचे. आणि पेटीवाला, पण तो धरायचा नाही, त्याला जाता येत नव्हतं." त्यांना वाईट वाटल्याचं मला काही दिसलं नाही. उलट हाताशी एक चांगली आकडेवारी लागल्याचं समाधान होतं.

आता बुधरामबद्दल सांगायला हवं, कारण जे झालं ते त्याच्यामुळे झालं.

बुधराम घाटावरचा मल्लाह, म्हणजे तिकडचा कोळी. पन्नाशीचा, काटकुळा, एका डोळ्याने जरा तिरळा. आमच्या मोजणीसाठी सरांनी त्याची टोपली धरली होती. दर मंगळवारी तो रात्रीच्या जाळ्यातला सगळा माल आमच्यासमोर ठेवी, आम्ही मोजून परत देत असू. सुरुवातीला तो आम्हाला घाबरून होता. पावसाळ्याचे दोन महिने, मासे अंडी घालतात तेव्हा, तिथे मासेमारी बंद असे. ती बंदी आमच्यासारख्यांच्या कागदांवरून येते हे त्याला माहीत होतं. पण सर त्याच्या शेजारी वाळूत मांडी घालून बसत, त्याच्याच बिडीची राख आपल्या वहीवर पडली तरी फुंकून टाकत, त्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊन नवऱ्या मुलाची उंची विचारून आले होते. हळूहळू त्याची भीती गेली. तो सरांना 'मास्टर साहब' म्हणू लागला.

मंगळवारचं ते दृश्य मला अजून दिसतं. सर एकेक मासा पाटीवर ठेवतात, आकडा सांगतात, मी लिहिते. टोपली संपत येते तसा त्यांचा आवाज बारीक होत जातो. सगळे वीतभर, काही त्याहून लहान. शेवटचा मासा ठेवून झाला की ते पाटी पाण्याने धुतात, पुसतात आणि नदीकडे बघत बसतात. "लहान आहेत," एवढंच म्हणतात. जीपमध्ये परत येताना गप्प. त्या दिवशी डबासुद्धा नीट खात नसत. काकू मला विचारत, "आज मंगळवार ना? मग यांना रात्री कढीच देते, तेवढी तरी जाते."

एका दिवाळीनंतरच्या मंगळवारी टोपलीत तळाशी एक मोठा रोहू निघाला. हातभर लांब. सरांनी तो उचलून पाटीवर ठेवला. दोनदा मोजला. मला आकडा सांगितला आणि म्हणाले, "परत वाचून दाखवा." मी वाचला. बुधराम बाजूला उकिडवा बसून सरांचं तोंड पाहत होता. आम्ही निघालो तेव्हा तो जीपपर्यंत पोचवायला आला, हे यापूर्वी कधी झालं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी दोन मोठे निघाले. त्याच्या पुढच्या मंगळवारी एक. मग जवळजवळ प्रत्येक वेळी. सरांची चालच बदलली. व्हरांड्यात गुणगुणू लागले. हरपालसिंगला त्यांनी एकदा स्वतःहून अत्तर मागितलं. काकूंनी मला सांगितलं की मंगळवारी हे आता दोन पोळ्या जास्त खातात.

मी मात्र आलेखाचा कागद समोर ठेवून बसत होते. लांबीप्रमाणे मासे मांडले की एक उंचवटा लहान माशांचा, दुसरा छोटा उंचवटा खूप मोठ्यांचा, आणि मध्ये काहीच नाही. उंटाच्या पाठीसारखं. मोठे मासे आहेत तर ते कधीतरी मध्यम असतील ना? मग ते मध्यम असताना आमच्या टोपलीत का आले नाहीत? मी हे सरांना एकदा विचारलं. सरांनी जराही न थांबता उत्तर दिलं की गेल्या पुरात खालच्या बाजूने म्हातारे मासे वजिराबादचा बंधारा ओलांडून वर आले असावेत. एरवी हेच सर 'असावेत' या शब्दावर लाल शाईने रेघ मारत. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण गुणगुणणारा माणूस मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघत होते. मी कागद घडी करून ठेवून दिला.

होळी झाल्यावर सरांनी रिपोर्ट लिहिला. जपून, म्हाताऱ्या माशांबद्दल 'असावेत' घालून लिहिला, पण लिहिलं असं की साठा सावरण्याची चिन्हं आहेत. आमचे डायरेक्टरसाहेब आधी साखरेच्या खात्यात होते. मासा त्यांनी ताटाबाहेर पाहिला नव्हता. त्यांना एवढं वाक्य पुरेसं होतं. त्यांनी वर कळवलं की आमच्या खात्याच्या प्रयत्नांनी नदी सुधारली आहे, आता पावसाळ्यातली बंदी उठवायला हरकत नाही. वरचे खूश झाले. सरांच्या बढतीचा कागदही त्याच सुमारास हलायला लागला. बंदी उठवण्याचा हुकूम जूनच्या आधी निघायचा होता.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सरांनी नेहमीप्रमाणे एक मोठा रोहू उचलला आणि वय काढण्यासाठी त्याची काही खवलं घ्यायला गेले. मासा हातातून सटकला. सावरताना त्यांचं बोट कल्ल्यात गेलं. बाहेर आलं तेव्हा त्यावर काहीतरी चिकटलेलं होतं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, खिशातून भिंग काढलं आणि पाहिलं.

लाकडाचा भुसा होता.

तेव्हा बर्फ वितळू नये म्हणून भुशात ठेवत. नदीत भुसा नसतो. भुसा असतो जामा मशिदीजवळच्या घाऊक बाजारात, जिथे लांबून आलेला मासा बर्फाच्या पेट्यांतून उतरतो. सरांनी चार खवलं काढून काचेवर ठेवली. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. नदीतल्या माशाची हिवाळ्यात दाटीवाटीने येतात, तळ्यात पोसलेल्याची ऐसपैस. ही ऐसपैस होती. खरं तर हे बघायला भिंगही नको होतं. माशाचा डोळा पाहून तो पाण्याबाहेर येऊन किती तास झाले हे सांगणारा तो माणूस. सहा महिने त्यांनी या माशांच्या डोळ्यांत पाहिलंच नव्हतं.

"बुधराम," सर म्हणाले, "यह कहाँ से आया?"

बुधरामने आधी नदीकडे हात केला. मग हात खाली घेतला. त्याचा मेहुणा मंडीत हमाल होता. संध्याकाळी न विकलेला, थोडा नरम पडलेला माल त्याला मिळे. त्यातला एखादा बुधराम सोमवारी रात्री आणून धुऊन टोपलीत तळाशी ठेवत असे. हे सगळं त्याने वाळूकडे बघत सांगितलं. सरांनी विचारलं, बंदी उठावी म्हणून केलंस का? त्याने नाही म्हणून मान हलवली. बंदी उठणार आहे हे त्याला या क्षणापर्यंत माहीतही नव्हतं.

"मग का?"

"आप उदास हो जाते थे, साहब," बुधराम म्हणाला. "हर मंगल को।"

सर पाटीवर हात ठेवून बसून राहिले. मी वही मिटली. हरपालसिंग जीपमधून उतरून आमच्याकडे येत होता, तो अर्ध्यावरच थांबला. मग सरांनी टोपलीतले उरलेले लहान मासे मोजायला घेतले. सगळे मोजले. मोठा रोहू त्यांनी बुधरामला परत दिला आणि सांगितलं, घरी घेऊन जा, आज खाऊन टाका, उद्यापर्यंत टिकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डायरेक्टरसाहेबांकडे गेले. कागद पकडायला म्हणून मलाही नेलं. सरांनी उभ्यानेच सांगितलं की रिपोर्ट चुकीचा आहे, मागे घ्यायचा आहे आणि तसं सगळीकडे कळवायचं आहे. डायरेक्टरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"देखिए," ते म्हणाले, "मछलियाँ बढ़ गईं, सब खुश हैं। आपका प्रमोशन भी है। इसमें नुकसान किसका है?"

"मछली का, सर."

"मछली ने कोई शिकायत की है?"

सरांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. थोडा विचार केला. "शिकायत करने लायक उमर की कोई बची नहीं, सर."

डायरेक्टरसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी हातातल्या फायलीकडे बघायला लागले. मग त्यांनी विचारलं की चूक झाली कशी, कोणी फसवलं का, तसं असेल तर त्या माणसाचं नाव लिहून द्या, म्हणजे प्रकरण आपल्यावर येणार नाही. सर म्हणाले, लिहून आणलंय. मी कागद पुढे केला. तो आदल्या संध्याकाळी मीच टाईप केला होता, म्हणून मला पाठ आहे. त्यात एकच कारण होतं : नमुने तपासताना माझ्याकडून हयगय झाली. खाली सरांची सही. बुधरामचं नाव कुठेच नव्हतं, मेहुण्याचं नव्हतं, भुशाचंही नव्हतं.

मी माझ्या उंटाच्या पाठीबद्दल एक ओळ घाला असं सुचवलं होतं. शंका मला आली होती आणि मी गप्प बसले, तर माझीही सही असायला हवी होती. सरांनी नकार दिला. म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं. मी 'असावेत' म्हणालो. तिथे लाल रेघ मी मारायला हवी होती."

बंदी उठली नाही. तेवढं वेळेत झालं. बाकी जे व्हायचं ते झालं. बढती त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या एका गृहस्थांना मिळाली. व्हरांड्यात त्यांच्या मागे लोक 'मास्टरसाहेबांचे म्हातारे मासे' म्हणून हसत. कोणीतरी आमच्या दारावर खडूने मोठा मासा काढून खाली 'आयु : असावी' असं लिहिलं. सरांनी ते पुसू दिलं नाही. पट्टी लावून मासा मोजला आणि म्हणाले, प्रमाण चुकलंय, एवढ्या लांबीला एवढं डोकं येत नाही.

काकूंना मात्र राग आला होता, आणि तो बुधरामवर नव्हता. त्या मला म्हणाल्या, "माणसाने इतकंही तोंड पाडून बसू नये, की दुसऱ्याला मासे आणून ठेवावेसे वाटतील." सर आतल्या खोलीत होते. ऐकू गेलं असणार. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी घाटावर जाताना जीपमध्ये हसण्याचा सराव केला. हरपालसिंगने आरशात पाहिलं आणि जीप बाजूला घेऊन विचारलं, साहब, तबीयत ठीक है?

घाटावर बुधराम आलाच नाही. तो झोपडीमागे जाऊन बसला होता. सर गेले आणि त्याला हाताला धरून घेऊन आले. टोपलीत एकोणीस मासे होते, सगळे वीतभर. सरांनी ते मोजले आणि शेवटचा ठेवल्यावर बुधरामकडे बघून ते ठरवलेलं हसू हसले. ते इतकं वाईट होतं की बुधराम रडायला लागला. मग सरांनी हसण्याचा नाद सोडला.

वर्षभराने ते निवृत्त झाले. अठ्ठावन्न पूर्ण. वेंगुर्ल्याला गेले. मंगळवार माझ्याकडे आला. नव्या साहेबांना घाटावर यायला आवडत नसे, त्यामुळे पाटीवर मी मासे ठेवायचे आणि आकडेही मीच लिहायचे. आईने साबण तोच ठेवला होता.

मी सरांना दर महिन्याला आकडे पाठवत असे. पोस्टकार्डावर, दुसरं काही नाही, नुसते आकडे. दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात टोपलीत काही मधले मासे यायला लागले. वीतभराहून बरेच मोठे, हातभर नाहीत. आलेखावरच्या त्या रिकाम्या जागेत पहिल्यांदा ठिपके पडले. मी कळवलं. उलट टपाली उत्तर आलं : 'आकडे मिळाले. बुधरामला नमस्कार सांगा आणि मेहुणा अजून मंडीत आहे का ते विचारा.'

मी विचारलं. बुधरामचा चेहरा असा झाला की मला विचारल्याचं वाईट वाटलं. मेहुण्याने मंडी सोडून दोन वर्षं झाली होती. "साहब से कहिए," तो म्हणाला, "खुद आकर देख लें।" मी ते पोस्टकार्डावर जसंच्या तसं लिहून टाकलं.

आणि सर आले. दोन दिवसांचा प्रवास करून, एप्रिलच्या उन्हात, हातात पिशवी आणि गळ्यात भिंग. निवृत्त माणसाला सरकारी जीप मिळत नाही, म्हणून आम्ही बसने गेलो. घाटावर बुधराम आधीपासून उभा होता, धुतलेला सदरा घालून. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि बुधरामने टोपली पुढे केली. त्या दिवशी मधले चार होते. चारही जिवंत, शेपटी आपटत होते.

सरांनी आधी चारही माशांचे डोळे पाहिले. मग कल्ले उघडून भिंगाने पाहिलं. बुधराम हाताची घडी घालून दुसरीकडे बघत होता. मग खवलं काढून उन्हात धरली आणि एकेक वर्तुळ बोटाच्या नखाने मोजलं. दोनदा मोजलं. दाटीवाटीची, बारीक, नदीतल्या हिवाळ्यांची वर्तुळं.

"तिसरं वर्ष चालू आहे," ते म्हणाले. "इथलेच आहेत."

मी मनात मागे मोजत गेले. गेला पावसाळा, त्याच्या आधीचा, त्याच्या आधीचा. तो तोच पावसाळा निघाला, ज्यात बंदी उठणार होती आणि उठली नाही. मी ते सरांना सांगितलं. त्यांना ते माझ्याआधी कळलेलं असणार, कारण ते पाटी धूत होते आणि पाटी कधीच धुऊन झाली होती.

"चार माशांवर काही ठरवायचं नाही, स्टॅटिस्टिक्स," ते म्हणाले. "चार म्हणजे काहीच नाही. लिहायचं नाही, बोलायचं नाही. अजून दोन वर्षं मोजा."

मी बरं म्हटलं. बुधरामने चारही मासे पाण्यात सोडले. सोडताना सरांना विचारलं नाही आणि सरांनीही अडवलं नाही.

परतीची बस भरलेली होती. सरांना दारापाशी उभं राहायला जागा मिळाली. तिकीट देणारा कंडक्टर जवळ आला. सरांनी सुटे पैसे दिले, तिकीट घेतलं आणि म्हणाले, "भाई साहब, आज चार मछलियाँ देखीं। तीसरा साल चल रहा है। यहीं की हैं।" कंडक्टर म्हणाला, अच्छा, आगे बढ़िए. सर पुढे सरकले आणि दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसलेल्या गवळ्याला त्यांनी हाताने लांबी दाखवून तेच सांगितलं. मग खिडकीशी बसलेल्या दोन बायकांना. मग एका शिपायाला, ज्याने नाव-पत्ता विचारायच्या बेताने खिशातली वही काढली. आर. के. पुरम येईपर्यंत त्या बसमध्ये ज्याला माहीत नाही असं कोणी उरलं नव्हतं.